‘समुद्रात जाऊ नये’

29 नोव्हेंबर 2017, बुधवार. सकाळी 8.30

श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळचे कमी दाबाचे क्षेत्र आणखी तीव्र होते. भारतीय हवामान खाते त्याची नोंद ‘डिप्रेशन’ अशी करते, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी 31 ते 49 किलोमीटर. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत बंगालच्या उपसागरात अशी डिप्रेशन येतच असतात. हे मात्र श्रीलंका ओलांडून पश्चिमेला, कन्याकुमारीच्या समुद्राकडे निघाले आहे. त्याला अजून नाव नाही. वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला, तरच वादळाला नाव मिळते.

दुपारपर्यंत

हवामान खात्याची सूचना निघते. दक्षिण तमिळनाडू आणि दक्षिण केरळच्या किनाऱ्यावर जोराचे वारे वाहतील, समुद्र खवळेल, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. सूचनेत ‘चक्रीवादळ’ हा शब्द नाही.

कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर आणि चिन्नतुरै या गावांचे शेकडो मच्छीमार तेव्हा घरी नाहीत. खोल समुद्रातली मासेमारी हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. बर्फ, डिझेल आणि शिधा भरून त्यांच्या बोटी कित्येक आठवड्यांसाठी अरबी समुद्रात गेलेल्या असतात. त्या कधीच निघून गेल्या आहेत. ‘जाऊ नये’ हे त्यांना लागू होत नाही. ‘परत या’ असे सूचनेत म्हटलेले नाही, आणि म्हटले असते तरी ते त्यांच्यापर्यंत पोचवणारे साधन नव्हते.

दुपारी 3 नंतर

विळिञ्ञम, पूंथुरा आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या इतर वस्त्यांमधून फायबरच्या होड्या पाण्यात ढकलल्या जातात. होडी लहान, उघडी, मागे इंजिन लावलेली. एका होडीत तीन-चार माणसे. दुपारी निघायचे, अंधार पडता पडता जाळे टाकायचे, रात्रभर जाळ्यासोबत वाहत राहायचे, पहाटे ओढायचे आणि सकाळच्या लिलावाला किनारा गाठायचा, हा रोजचा क्रम.

मार्गशीर्षातली शुद्ध दशमी आहे. चांदण्यात माशाला जाळे दिसते, हे आपल्याकडचा तांडेलही सांगेल. अशा रात्री मासळी कमी मिळायची शक्यता असते. तरी होड्या निघतात. एक दिवस घरी बसले, तर त्या दिवसाची कमाई शून्य.

त्या दुपारी किती जणांपर्यंत सूचना पोचली होती? ज्यांनी ऐकली, त्यांना तरी ती वेगळी का वाटावी? त्या हंगामात असे इशारे वरचेवर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच दिवशी समुद्र नेहमीसारखाच असतो. कन्याकुमारीच्या समुद्रात चक्रीवादळ तयार होणे ही गोष्ट तिथल्या म्हाताऱ्यांनाही सहसा आठवत नाही. त्या माणसांना बेफिकीर म्हणायला माझी तयारी नाही. त्यांच्या हाती जी माहिती होती, तिच्यावरून घेतलेला तो साधा, रोजचा निर्णय होता.

होडीत बर्फ असतो, पाणी असते, भात असतो, टॉर्च असतो. लाइफ जॅकेट अनेकांकडे नसते. असले तरी ते अंगावर नसते, कारण ते घालून जाळे ओढता येत नाही. जीपीएस बऱ्याच जणांकडे असते. परतीची वाट त्यावर दिसते, पण वादळ दिसत नाही.

संध्याकाळी 6 च्या सुमारास

सूर्य मावळतो. किनाऱ्यापासून 10 ते 12 किलोमीटरपर्यंत मोबाइलला रेंज असते, पुढे नाही. वायरलेस असलेल्या बोटी जवळपासच्या बोटींशी बोलू शकतात. लहान होड्यांपैकी अनेकांकडे तेही नाही. सॅटेलाइट फोन नाहीत.

या घडीपासून ज्यांना इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच ऐकण्याच्या टप्प्याबाहेर आहेत.

रात्र

जाळी पाण्यात आहेत. श्रीलंका ओलांडून आलेले डिप्रेशन कन्याकुमारीच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर येते. जमिनीवरून गेल्यावर वादळे बहुधा मंदावतात. हे उबदार पाणी मिळताच पुन्हा जोर धरते.

जाळे टाकलेली होडी झटकन वळून पळू शकत नाही. शेकडो मीटर जाळे पाण्यात असते. ते ओढायला वेळ लागतो आणि वारा वाढल्यावर तो वेळ आणखी वाढतो. दोर कापला, तर कर्जाने घेतलेले जाळे गेले. रात्रीच्या मासेमारीत प्रत्येक होडीवर हा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. अंधारात पुढची लाट दिसत नसताना, आणखी थोडे थांबावे की कापून टाकावे, हे ठरवावे लागते.

30 नोव्हेंबर, गुरुवार. पहाट

डिप्रेशनचे ‘डीप डिप्रेशन’ होते. वारा ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेला आहे. होड्यांची किनाऱ्याकडे वळण्याची वेळ हीच. समोरून पाऊस, बाजूने लाटा. उघड्या होडीत पाणी भरते. पाण्याखाली गेलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. बंद इंजिनाची होडी लाटेला आडवी होते, आणि आडवी होडी उलटते.

सकाळी 8.30

चक्रीवादळाची नोंद होते. केंद्र कन्याकुमारीच्या दक्षिणेला सुमारे 60 किलोमीटरवर. आता त्याला नाव मिळते, ओखी. नाव बांगलादेशने सुचवलेले, अर्थ ‘डोळा’.

डिप्रेशनची नोंद होऊन बरोबर 24 तास झाले आहेत. विळिञ्ञमच्या किनाऱ्यावर लिलावाची वेळ आहे. होड्या आलेल्या नाहीत.

दुपारी 12

चक्रीवादळाचा इशारा मिळाला तो या वेळी, असे केरळ सरकारने नंतर सांगितले. आधीच सूचना दिल्या होत्या, असे केंद्राकडून सांगण्यात आले. कोणता निरोप केव्हा, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत गेला, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादातली तारीख-वेळ दुय्यम वाटते. 29 च्या दुपारी 12 ला दिलेला असो की 30 च्या, तो इशारा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी होता. आत गेलेल्या माणसासाठी त्यात एकही ओळ नव्हती.

त्याच वेळी कन्याकुमारी जिल्ह्यात झाडे आणि विजेचे खांब कोसळत आहेत. वीज गेल्याने फोनही बंद पडू लागतात. आपला माणूस परतला का, हे शेजारच्या गावात विचारणेही अवघड होते.

दुपारनंतर

नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजे व विमाने शोधाला निघतात. उलटलेल्या होडीच्या पाठीला धरून काही माणसे तरंगत आहेत. काहींना तसेच दिवसामागून दिवस काढावे लागतील.

1 डिसेंबर

पहाटे तीव्र चक्रीवादळ, दुपारच्या सुमारास अतितीव्र. ओखी लक्षद्वीपकडे सरकते आहे, म्हणजे तूत्तूरच्या बोटी जिथे मासेमारी करत होत्या, त्याच समुद्रात.

2 डिसेंबर

वारे ताशी 150 किलोमीटरच्या पुढे. सरकारी शोधाची वाट पाहून थकलेले पूंथुरा-विळिञ्ञमचे मच्छीमार स्वतःच्या होड्या घेऊन आपल्या माणसांना शोधायला निघतात.

त्या दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जाहीर करतात की 68 बोटी आणि 952 मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले आहेत. 66 बोटी केरळच्या, 2 तमिळनाडूच्या. देवगडच्या खाडीत त्यांनी नांगर टाकला. या बोटी मोठ्या होत्या, खोल समुद्रात टिकणाऱ्या.

5 डिसेंबर

मुंबईत पाऊस. शाळांना सुट्टी. दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर आलेले लोक भिजतात. रात्री दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी पोचेपर्यंत ओखीत जोर उरलेला नसतो. मुंबईकरांच्या आठवणीत ओखी म्हणजे डिसेंबरात आलेला पाऊस.

25 डिसेंबर

तूत्तूर परिसरातली बहुसंख्य मच्छीमार कुटुंबे ख्रिस्ती आहेत. दूर गेलेल्या बोटी नाताळला घरी येतात. म्हणून बेपत्तांचा आकडा पक्का करायला यंत्रणाही नाताळपर्यंत थांबली होती. आकडा पक्का करावा लागला.

डिसेंबरअखेर

तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन लोकसभेत माहिती देतात. वाचवलेले 845. बेपत्ता 661, त्यांपैकी तमिळनाडूचे 400, केरळचे 261.

9 ऑक्टोबर 2019

भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे ‘जेमिनी’ हे उपकरण सुरू होते. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे, ‘गगन’ या भारतीय उपग्रह यंत्रणेमार्फत, वादळाचा इशारा होडीवरच्या मोबाइलवर येतो. ओखीच्या रात्री जे नव्हते, ते आता होते. मात्र त्या उपकरणावर निरोप फक्त येत असे. होडीवरून किनाऱ्याला हाक देण्याची सोय त्यात नव्हती.