बालकाची वेदना आणि भुलीचे भय

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच संस्थानाच्या खजिन्यातून एकदा क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी द्रव्य पुरविले गेले, याचे स्मरण फारसे कोणास नसते.

प्रश्न जिवाचा होता. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि पुढल्याच जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढतेवेळी त्याच्या अमलाखाली दगावली. आधी हृदय बंद पडते की श्वास? हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी श्वासाच्या पक्षाचे होते. १८८८ व १८८९ साली तेथे शेकडो मुक्या प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या खेपेस निजामाने १००० पौंड देऊन 'लॅन्सेट' पत्राच्या द्वारे लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून आणविले. निर्णय लॉरींसारखाच पडला. तो अपुरा होता. अपुऱ्या भुलीतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवू शकते, हे १९११ साली लेव्ही यांनी दाखविले.

सबंध देहास निद्रिस्त न करता वेदनेची वाटच अडवावी, हा विचार तोवर रुजला होता. १८९८ साली कील येथे बीअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन टोचून अधोभाग बधिर केला. १९०९ साली लंडनच्या ग्रे यांनी ही रीत लहान मुलांवर योजल्याचे प्रसिद्ध केले. तरीही तान्ह्यांना दुःख कळतच नाही, ही सोयीची समजूत पुष्कळ काळ टिकली. १९८७ साली आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील प्रयोगाने तिला धक्का दिला: पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या बालकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडला.

यकृतरोपणात हा पेच अधिकच अवघड होतो. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली दिल्लीत झाले. वीस महिन्यांच्या मुलास पित्याच्या यकृताचा अंश लाभला. एवढ्या मोठ्या छेदाची वेदना केवळ अफूवर्गीय औषधांनी शमवावी, तर श्वास मंदावतो. कण्यात नळी घालावी, तर रोगी यकृतामुळे रक्त नीट गोठत नाही आणि तेथे रक्तस्राव झाल्यास मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणून पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या थरांमध्ये, जेथून छातीच्या खालच्या भागातील मज्जातंतू जातात, तेथे औषध सोडण्याची रीत पुढे आली. २००१ साली रफी यांनी तिचे वर्णन केले. पुढे ध्वनिलहरींच्या यंत्राने सुई डोळ्यांदेखत नेता येऊ लागली.

या रीतीने कातडी व स्नायू बधिर होतात, आतील अवयवांची कळ मात्र उरते. तिच्यासाठी अल्प प्रमाणात दुसरे औषध लागतेच. शिवाय बधिरतेच्या या औषधांचा निचरा यकृतच करते, आणि रोपलेले यकृत अद्याप कामास लागलेले नसते. म्हणूनच बुपिव्हॅकेनची मात्रा ठरविताना किलोमागे अडीच मिलिग्रॅम ही नेहमीची मर्यादाही भूलतज्ज्ञ अशा मुलासाठी आणखी खाली आणतात.