भातसाचं पाणी आणि दूरची खिडकी

उन्हाळ्यात कसाऱ्याच्या बाजूला गेलो, की हटकून टँकर दिसतो. भोवती हंडे, कळश्या, ड्रम. आणि तालुका कोणता? तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचा शहापूर!

तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. तेव्हा राज्य इंग्रजांचं. जाब विचारणार कुणाला? भातसा मात्र स्वातंत्र्यानंतरचं. धरण राज्य सरकारनं बांधलं, पाणी मुंबई महापालिकेला हवं होतं, आणि या गोष्टीत एक तिसराही होता. पाणी शुद्ध करून शहरापर्यंत नेण्याच्या योजनेला १९७३ पासून जागतिक बँकेचं कर्ज मिळालं.

ही बँक कुणाची? तिची घटना १९४४ मध्ये अमेरिकेत, ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरली. भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते; महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. म्हणजे आपण तिथं उपरे नव्हतो. पण मतं ठरली भांडवलाच्या हिश्शावर. आपल्या गावच्या सोसायटीत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथं पैसा जास्त त्याचं मत जड, आणि सगळ्यात जड अमेरिकेचं. आजही.

कर्जाबरोबर अटी येतात. त्या पाळायच्या कर्ज घेणाऱ्यानं. पण बँकेनं स्वतःचेच नियम मोडले तर? धरणांमुळे उठणाऱ्या माणसांविषयीचं तिचं पहिलं धोरण १९८० मध्ये आलं. ते पाळलं जातंय का, हे पाहणारेही बँकेचेच अधिकारी. गावकऱ्यानं तक्रार घेऊन जावं अशी खिडकीच नव्हती.

ती उघडली नर्मदेच्या लोकांनी. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेनं सरदार सरोवराची स्वतंत्र चौकशी करवली. मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालानं बँकेलाही दोष दिला. पुढच्याच वर्षी तपासणी मंडळ स्थापन झालं. पण कर्जाची जवळजवळ सगळी रक्कम उचलली गेली असेल, तर तक्रार घ्यायची नाही, असा नियम होता. भातसाचं ते १९७३ चं कर्ज केव्हाच खर्च झालेलं.

गंमत बघा, या खिडकीशी पुढं गेले ते मुंबईकरच. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पात उठवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये तक्रारी केल्या. मंडळानं चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं काही काळ पैसा रोखला. शहापूरचं पाणी पिणाऱ्यांना जे विचारता आलं, ते पाणी देणाऱ्यांना आलं नाही. मला हे अजून बोचतं.

जवळची सत्ता फार सरळ असते असंही नाही. शेजारच्या मुरबाडमध्ये काळू नदीवरच्या धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झालं. लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये काम थांबलं. न्यायालयाला काम थांबवता येतं. तपासणी मंडळाला फक्त अहवाल लिहिता येतो. तो जातो संचालकांपुढे, आणि तिथली मतं पुन्हा भांडवलाच्या हिश्शानंच मोजली जातात.