दारूचा अंमल आणि अंमलदार

आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' वर्गात चालू असताना आमच्यापैकी एकास एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, तळीरामावर कोणते कलम लागले असते?'' प्रश्नावर वर्ग हसला. तरी तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील तळीराम आज विशेषनाम राहिलेला नाही. 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा वाचणाऱ्या कित्येकांनी नाटक वाचलेलेही नसते. साहित्याने भाषेला शब्द दिला आणि भाषेने तो पोलिसी बातमीला दिला. मग कायद्याने प्यालेल्या माणसासाठी कोणते शब्द वापरले, आणि त्या शब्दांनी नेमके काय पाहिले व काय पाहिले नाही, याचा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले.

आरंभ एका शब्दापासून करू. ठाण्यातल्या कागदांत आणि बातम्यांत हमखास येणारा शब्दप्रयोग म्हणजे 'दारूच्या अंमलाखाली'. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या 'अंमल' या शब्दाला मराठीत दोन संसार आहेत. एक राज्याचा : इंग्रजी अंमल, अंमलबजावणी, अंमलदार. दुसरा नशेचा : अंमल चढणे, अंमली पदार्थ. म्हणजे ज्या कागदावर 'सदर इसम दारूच्या अंमलाखाली होता' असे लिहिले जाते, तो कागद लिहिणाराही पोलीस अंमलदारच असतो. हा केवळ श्लेष नाही. माणूस एका अंमलाखाली असताना दुसऱ्या अंमलाने त्याच्याशी कसे वागावे, हाच या कायद्यांचा मूळ प्रश्न आहे. आमच्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात त्याची उत्तरे निरनिराळी मिळाली.

पहिले उत्तर १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते. त्यामुळे १८६२ पासून दंडसंहिता येथे लागू झाली. सांगलीचे पटवर्धनांचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. दंडसंहितेच्या ५१० व्या कलमानुसार नुसते पिणे हा गुन्हा नव्हता, आणि पिऊन रस्त्याने जाणेही नव्हते. नशेच्या स्थितीत सार्वजनिक ठिकाणी येऊन कोणास त्रास होईल असे वर्तन करणे हा गुन्हा होता. शिक्षा किती? फार तर चोवीस तासांची साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. येथे कायदा नशा मोजत नाही, तो वर्तन पाहतो. तेही दुसऱ्याला उपद्रव झाला तरच.

या सौम्यतेमागे उदारपणा होता तसा हिशेबही होता. दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याची व्यवस्था लावली. शब्द पाहा. 'अबकारी' हा फारसी 'आब' म्हणजे पाणी आणि 'कार' म्हणजे काम यांपासून झालेला. 'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात ते याच अर्थाने. दारू विकण्याचा मक्ता ज्या जागी चाले त्या जागेलाच पुढे गुत्ता म्हणू लागले आणि महसुलाची परिभाषा बदनामीची झाली. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. पिणाऱ्यास दंड करणाऱ्या सरकारकडे विकणाऱ्याविषयी जाब मागण्याची ही दिशा होती. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

दुसरे उत्तर इंग्रजांचे नव्हते. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारने कृष्णाकाठच्या गावांत आपला अंमल बसवला. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. गावोगावची न्यायदान मंडळे, गांधी पद्धतीची बिनखर्चाची लग्ने आणि दारूबंदी ही या सरकारच्या विधायक कामाची अंगे होती. लोकांनी त्याला 'पत्री सरकार' म्हटले. पायाला पत्री ठोकण्याच्या शिक्षेवरून हे नाव आले, असे सांगितले जाते. दंडसंहितेच्या दृष्टीने दारू हा रस्त्यावरील शांततेचा प्रश्न होता, प्रतिसरकारच्या दृष्टीने तो गावाच्या नीतीचा आणि स्वराज्याच्या लायकीचा. शिक्षेचा धाक दोन्हीकडे होता, पण गुन्ह्याची व्याख्या बदलली होती.

ही बदललेली व्याख्या स्वातंत्र्यानंतर कायद्यात उतरली. १९४९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि 'मुंबई दारूबंदी अधिनियम' संमत झाला. दोघांचीही नावे पुढे बदलली. जिल्हा १९६० मध्ये 'सांगली' झाला, अधिनियम २०१२ मध्ये 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम'. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. या अधिनियमाचे ८५ वे कलम आमच्या विषयाचे. रस्त्यावर वा सार्वजनिक ठिकाणी प्यालेल्या, स्वतःवर ताबा नसलेल्या अवस्थेत असणे किंवा दारूच्या अंमलाखाली बेशिस्त वागणे हा गुन्हा ठरलाच. पण परवाना नसताना नुसते प्यालेले आढळणे हाही गुन्हा ठरला. उपद्रवाची अट गेली. वर्तनाची जागा अवस्थेने घेतली.

अवस्था सिद्ध कशी करायची? 'दारू' या शब्दाचा मूळ फारसी अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अजून शिल्लक आहे. न्यायालयात नेमका हाच अर्थ आडवा आला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी अवैध ठरवली. त्याच वर्षी मुंबईत अपघातप्रकरणी सापडलेल्या बेहराम पेसिकाका यांनी आपण औषधी टॉनिक घेतले होते, असा बचाव केला. ती दारू औषधी नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. याला उत्तर म्हणून १९५९ च्या दुरुस्तीने कायद्यात आकडा आला. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळला, तर तो औषधाचा होता हे आरोपीने सिद्ध करावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी निराळी मर्यादा घातली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. दारूबंदी कायद्याचा आकडा याच मापात ५० होतो. म्हणजे ४० मिलिग्रॅमवरचा माणूस स्टिअरिंगमागे असेल तर मर्यादेबाहेर गेलेला, आणि दारूबंदी कायद्याच्या आकड्याच्या आत. 'प्यालेला' या एका विशेषणाची वर्तन, अवस्था आणि आकडा अशी तीन भाषांतरे एकाच राज्यात एका वेळी नांदू लागली.

साहित्याच्या अभ्यासकांनी पंचनाम्याची भाषा या दृष्टीने जरूर वाचावी. 'तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे तांबारलेले होते, झोकांड्या खात, असंबद्ध बडबड करीत होता.' हा साचा इतका पक्का की माणूस बदलला तरी वर्णन बदलत नाही. जुन्या काव्यातील नखशिखान्त वर्णनासारखे ते संकेताने चालते. १९७१ च्या बच्चूभाई करयानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचे निश्चित अनुमान निघत नाही, रक्तचाचणी हवी. लेखनसंकेत आणि पुरावा यांतला भेद न्यायालयाने येथे दाखवला, असेच आम्ही म्हणू.

आता बोलीकडे वळू. आमच्याकडे साहेब 'घेतात', गडी 'पितो'. ''आपण घेता का?'' या प्रश्नात आदर आहे, ''पिऊन आलास का?'' या प्रश्नात आरोप. टाकून आलाय, लावून आलाय, तर्र, टुन्न, झिंगलेला, पेताड ही सगळी शब्दसंपत्ती बहुधा रस्त्यावरच्या माणसासाठी राखलेली आहे. कायदा क्रियापदांत असा भेद करीत नाही, परंतु 'सार्वजनिक ठिकाण' ही अट तेच काम करते. ज्याला बसायला बंद खोली आहे आणि परतायला दुसऱ्याने चालवलेली मोटार आहे, तो ८५ व्या कलमाच्या दृष्टीस पडत नाही. ज्याचे अर्धे आयुष्य एस. टी. स्टँड, बाजार आणि चावडीच्या कट्ट्यावर जाते, तो पडतो. साठीच्या दशकात बंदी सैल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, पण कायद्याचे नाव दारूबंदीच राहिले. हॉटेलांच्या पाट्यांवरील 'परमिट रूम' हा शब्द त्या बंदीचा अवशेष आहे. कायदा दारूबंदीचा, आणि तो राबवणाऱ्या खात्याचे नाव 'राज्य उत्पादन शुल्क'. अबकारीचा हिशेब संपलेला नाही, एवढे ही दोन नावेच सांगतात.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आता देता येईल. तळीरामावर ५१० वे कलम सहसा लागले नसते. त्याचे आर्य मदिरा मंडळ रस्त्यावर भरत नाही. आणि नाटकातील सर्वांत मोठी हानी कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी होत नाही, ती सुधाकराच्या घरात होते. मूल तिथे मरते, सिंधू तिथे मरते. मारहाणीला आणि मृत्यूला निराळी कलमे आहेत हे खरे. पण ती अखेरच्या प्रसंगाला लागतात. त्या प्रसंगापर्यंत नेणाऱ्या रोजच्या संध्याकाळींना, रित्या डब्यांना, मोडलेल्या दागिन्यांना सार्वजनिक नशेचा कायदा नाव देत नाही. गडकऱ्यांनी ते दिले.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी या उणिवेला आपल्या परीने उत्तर दिले. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले पाहिजे, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. अट कठीण आहे. ज्या शेतावर गेल्या, ज्यांना घरातून येऊ दिले नाही, त्यांची अनुपस्थितीही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. तरीही 'आडवी बाटली' हा शब्दप्रयोग रूढ झाला. आजवर आडवा पडत होता तो पिणारा, इथे बाटलीला आडवे केले. जोतीरावांच्या पत्राची दिशा हीच होती : प्रश्न पिणाऱ्यापाशी थांबत नाही, तो विकणाऱ्यापर्यंत आणि विकू देणाऱ्यापर्यंत जातो.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५१० वे कलम आता ३५५ वे झाले आहे. कैद चोवीस तासांचीच राहिली, दंडाची मर्यादा दहा रुपयांवरून एक हजारावर गेली आणि समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद झाली. उपद्रवाची अट आणि सार्वजनिक ठिकाणाची मर्यादा मात्र १८६० प्रमाणेच कायम आहे. पुढच्या वर्षी 'एकच प्याला' शिकवताना आम्ही हे कलम फळ्यावर लिहिणार आहोत आणि त्याखाली विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारणार आहोत : यात सिंधू कुठे आहे?