टोपी, तिल आणि अनुस्वार

अक्षरावरची खूण उच्चार दाखवण्यासाठीच असते, असे आपण सहज गृहीत धरतो. पोर्तुगीजपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. 'अव्हो' म्हणजे आजोबा, 'अव्हॉ' म्हणजे आजी. अक्षरे तीच, आजोबांच्या 'ओ'वर टोपी, आजीच्या 'ओ'वर तिरकी रेघ. टोपीने स्वर संवृत होतो, रेघेने विवृत. 'तिल' नावाची नागमोडी खूण तर आपल्या अनुस्वाराची सख्खी बहीण शोभेल. हस्तलिखितांच्या नकलकारांनी जागा वाचवण्यासाठी 'न' स्वराच्या डोक्यावर चढवला, त्यातून ती आली. 'न' लोपला, पण आधीचा स्वर सानुनासिक करून गेला. गोव्यातल्या 'सांव जांव' या सणाच्या नावात तो नाकातला सूर आजही ऐकू येतो.

फ्रेंच टोपीची कथा निराळी आहे. 'ओपिताल' (रुग्णालय), 'फोरे' (अरण्य), 'इल' (बेट) या शब्दांत एके काळी 'स' होता. इंग्रजीने घेतलेल्या 'हॉस्पिटल', 'फॉरेस्ट' या रूपांत तो अजून नांदतो. फ्रेंच बोलण्यातून तो मध्ययुगातच गेला. लेखनात मात्र टिकला. १७४० साली फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत असे अनुच्चारित 'स' वगळून स्वरांवर टोपी स्वीकारली. 'आ', 'ओ' यांवरील टोपीने उच्चारही काही ठिकाणी बदलतो. 'इ', 'उ' यांवरील टोपी केवळ स्मृतिचिन्ह. म्हणून १९९०च्या सुधारणांनी या दोन स्वरांवर ती ऐच्छिक केली; अर्थभेद करणारे शब्द मात्र वगळले. पाठ्यपुस्तकांत ही रूपे येणार असे २०१६मध्ये कळताच फ्रान्समध्ये गदारोळ उठला.

मराठी वाचकाला येथे १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आठवावेत. अनुच्चारित अनुस्वार गेले. 'पंच'मधील अनुनासिकाची आठवण ठेवणारा 'पांच' हा 'पाच' झाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जिवंत उच्चाराशी नाते तुटलेल्या खुणा विद्यार्थ्यांवर लादू नयेत, हेच बरे. परंतु नपुंसकलिंगी एकवचनी 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' हा भेदही त्याच फटक्यात पुसला गेला. फ्रेंचांनी अर्थभेदासाठी अपवाद राखले, तसा विचार येथे झाला नाही. शिवाय अनुच्चारित म्हणजे कोणाच्या तोंडी? कोकणातल्या बोलींत ते नासिक्य स्वर आजही ऐकू येतात.

जुना ग्रंथ वर्गात वाचताना म्हणूनच या टिंबांवरून डोळे मिटून पुढे जाऊ नये. त्यांतली काही मूक झाली आहेत. काहींचा आवाज प्रमाणभाषेने ऐकलाच नाही.