माणदेशातील महिला उद्योजकता

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत स्त्रियांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेले छोटे व्यवसाय. हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेळ्या, कोंबड्या, दूध, शिवणकाम, भाजीविक्री अशा जोडधंद्यांवर घर तगते. यातले बरेचसे काम बाई करते. कागदोपत्री मात्र ती गृहिणीच राहते.

या उद्योजकतेच्या इतिहासातली ठळक घटना म्हणजे म्हसवड (ता. माण) येथील माणदेशी महिला सहकारी बँक. मुंबईत वाढलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ती 1997 मध्ये सुरू झाली. निमित्त साधेच होते. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणाऱ्या, वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण इतक्या किरकोळ रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. महिलांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तर प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, हा आमचा दोष नव्हे. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. परवाना मिळाला.

बँकेचे खरे मोल तिच्या कामाच्या रीतीत आहे. बाजार सोडून शाखेत यायचे तर दिवसाची कमाई बुडते, म्हणून बँकेची माणसे दारात आणि बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागली. पासबुक घरी नेले की नवऱ्याच्या हाती लागते आणि शिल्लक मागितली जाते, हे बायकांनीच सांगितले. तेव्हा पासबुकाऐवजी कार्ड पुढे आले. संसार आणि धंदा यांचा मेळ घालण्याची चर्चा बहुधा वेळेपाशी थांबते. इथे प्रश्न पैशाचाही आहे: भांडवल आणि घरखर्च एकाच डब्यात असतात, आणि आजारपण किंवा लग्न निघाले की आधी भांडवल मोडते.

पुढे 2006 मध्ये सिन्हा यांच्याच पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योग प्रशिक्षणाची शाळा निघाली. शाळेपर्यंत येणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ती बसमध्ये बसवून गावोगाव नेण्यात आली. सिन्हा 2018 मध्ये दावोस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या.

मोठ्या कर्जाला तारण लागते, तिथे वाट अडते. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि सासरच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. बचत गट आणि सूक्ष्मवित्त कंपन्या तारणाशिवाय पैसे देतात, ही मोठी सोय आहे. पण कर्ज बाईच्या नावावर, वापर घरातल्या पुरुषाचा आणि हप्त्याची काळजी तिला, हे सर्रास घडते. अशा कर्जांच्या संख्येवरून उद्योजिका मोजणे चुकीचे ठरेल.

सांगली जिल्ह्यातल्याच तासगाव परिसरात चित्र थोडे निराळे आहे. तिथे बेदाण्याची निवड-प्रतवारी मोठ्या प्रमाणावर बायकाच करतात, त्याही मजुरीवर. शेड आणि व्यापार मुख्यतः पुरुषांकडे. कौशल्य आहे, मालकी नाही.

वेळेचा हिशेबही बाईच्या विरुद्धच जातो. राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार (2019) भारतात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97. माणमध्ये त्यात उन्हाळ्यातल्या टँकरची वाट पाहणेही येते. टँकर कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून गिऱ्हाइकाला दिलेली वेळ चुकते. लहान मुलाची सोय ही त्याहून मोठी अडचण. अंगणवाडी काही तासच भरते आणि आठवडी बाजार संध्याकाळपर्यंत चालतो. मधल्या वेळेत मूल सासूपाशी राहते, नाहीतर आईच्या पथारीवर. सासूची साथ आहे की नाही, यावर या भागातले कितीतरी व्यवसाय टिकतात किंवा बंद पडतात.