फियाटवाली घराणी

"आम्ही फियाटवाले" असं ठासून सांगणारं एखादं घर मुंबई-पुण्याच्या बहुतेकांच्या नात्यात असतंच. पण मंडळी, ही निष्ठा होती की नाइलाज?

वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ सालची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि मुंबईचीच होऊन गेली. लायसन्स राजमध्ये गाड्या किती बनवायच्या हेही सरकार ठरवणार. त्यामुळे अँबॅसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं! एवढी वाट पाहून आलेली गाडी घरचीच होणार ना? शिवाय नाक्यावरच्या मेकॅनिकला तिचा नट न् नट पाठ. सत्तरच्या दशकात नाव बदलून 'प्रीमियर पद्मिनी' झालं, तरी लोक फियाटच म्हणत राहिले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बरीच घरं तिकडे वळली. म्हणजे नाइलाजच? मला तसं वाटत नाही. १९९६ मध्ये फियाट उनोचं बुकिंग उघडलं, तेव्हा लाखो लोकांनी आगाऊ पैसे भरले. तेव्हा पर्याय होते, तरीही! पण कुर्ल्यात संप झाला, गाड्या रखडल्या. माझ्या मते घराण्यांचा विश्वास तुटला तो इथे, मारुतीमुळे नव्हे.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. आज शोरूमला तोटा नाही, पण "आम्ही अमुकवाले" म्हणणारे आपल्यात कितीजण आहेत?