उपाशी तरुणांची हकीगत

स्मरणिकेसाठी इतिहासातले काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. राजेराण्यांविषयी इतर भगिनी माझ्याहून चांगले लिहितील. मी छत्तीस तरुणांची हकीगत सांगते. ती मला माझ्या धाकट्या भावाने सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखो माणसे भुकेली होती. अशा रोडावलेल्यांना पुन्हा कसे उभे करावे, हे शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग मांडला. शस्त्र धरणे ज्यांच्या मनाला पटत नव्हते असे ३६ धडधाकट तरुण आपखुशीने पुढे आले. पहिले तीन महिने पोटभर जेवण. मग फेब्रुवारी १९४५ पासून सहा महिने निम्मेच : बटाटे, कंदमुळे, पाव, तेही दिवसातून दोनदा. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. बसायला खाली उशी लागू लागली.

पण वजनापेक्षा मनाचे ऐका. हसतीखेळती मुले चिडकी झाली, एकलकोंडी झाली. थट्टामस्करी संपली, मुलींचे आकर्षणही उरले नाही. ताटल्या चाटून पुसून घेत आणि पाककृतींची पुस्तके जमवून वाचीत बसत! पुरुषांनी पाकशास्त्र वाचावे, याचे मला हसू आले. मग हसू जागच्या जागी थांबले.

कारण त्याच दिवसांत मी आमच्या मुलीचा भात बंद केला होता. पाहायला आलेल्या मंडळींनी ‘अंगाने जरा भरलेली आहे’ म्हटले होते ना! चार महिन्यांत ती बारीक झाली. शेजारणी म्हणाल्या, छान दिसते. घरात मात्र शब्दाला शब्द लागे, भांडी आपटली जात. मी म्हणे, हिला माज आलाय. रात्री ती माझी पदार्थांची वही घेऊन बसे. मला वाटे, संसाराची हौस.

त्या तरुणांचे जेवण वाढवले तरी मन लगेच ताळ्यावर आले नाही. पोट भरूनही कित्येकांची भूक भागेना. त्याला महिने लागले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे १९५० साली दोन खंडांत छापले.

मी पुन्हा भात वाढू लागले, तेव्हा आठवडाभर ती माझ्याकडे पाहीना. मग एके दिवशी पान पुढे सरकवून म्हणाली, “आई, वरणावर तूप वाढ की.”